वयाची वेस

पाडव्याच्या दिवशी गावोगावच्या दुकानांतून नव्या मोटारसायकली घरी येतात. हँडलला झेंडूची माळ असते, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक असते, चाकाखाली लिंबू ठेवलेले असते. घरच्या लक्ष्मीने ओवाळले, की घरधनी गाडीवर बसतो आणि देवळापर्यंत एक फेरी मारून येतो. तो परत येईपर्यंत त्या घरातला सोळा वर्षांचा मुलगा दारात उभा असतो, आणि त्याचे सारे लक्ष बापाच्या हातातल्या किल्लीकडे असते. "बाबा, कोपऱ्यापर्यंतच नेतो," एवढेच त्याचे मागणे असते. बाप एकदा नाही म्हणतो, दोनदा नाही म्हणतो. तिसऱ्या वेळी "बरं, पण मोठ्या रस्त्याला जाऊ नकोस" असे म्हणून किल्ली देतो.

हे वाक्य आपल्याकडे इतक्या घरांतून इतक्या वेळा बोलले जाते, की त्यातली विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुलगा गाडी चालवण्यास योग्य असेल, तर त्याने मोठ्या रस्त्याला का जाऊ नये? आणि योग्य नसेल, तर गल्लीत खेळणारी पोरे मोठ्या रस्त्यावरच्या माणसांपेक्षा कमी मोलाची आहेत काय? बापाने प्रश्नाचे उत्तर दिलेले नसते. प्रश्न थोडा लहान करून मुलाच्या हाती ठेवलेला असतो. तोच प्रश्न त्याच्या मूळ आकारात समोर ठेवला तर काय दिसते, ते आपण जरा पाहू.

कायद्याचे म्हणणे वरवर स्पष्ट आहे. आपल्या देशात १९८८ चा मोटार वाहन कायदा चालतो. त्यानुसार अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून कोणालाही सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवता येत नाही. त्याला एक अपवाद ठेवलेला आहे. ज्या मोटारसायकलचे इंजिन ५० सी.सी.हून मोठे नाही, ती सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलाला वा मुलीला चालवता येते. मात्र शिकाऊ परवान्यासाठी पालकाने लेखी संमती द्यावी लागते. याचा अर्थ असा झाला, की सोळाव्या वर्षी माणूस पन्नास सी.सी. इतका शहाणा असतो आणि अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षेस बसून तो साडेतीनशे सी.सी. इतका शहाणा होऊ शकतो. शहाणपण सी.सी.मध्ये मोजण्याची ही पद्धत पाहून हसू येते. पण हसण्यापूर्वी, वयाची रेघ माणसाला ओढावी तरी का लागली, याचा विचार केला पाहिजे.

महाभारताच्या आदिपर्वात या रेघेच्या जन्माची कथा आहे. मांडव्य नावाचे ऋषी मौन धरून तप करीत बसले होते. चोरांनी आपला ऐवज त्यांच्या आश्रमात लपवला. राजाच्या शिपायांनी चोरांबरोबर ऋषींनाही पकडले, आणि राजाने त्यांना सुळावर चढवले. तपाच्या बळाने ऋषी जिवंत राहिले. राजाला चूक उमगली, त्याने क्षमा मागितली. पण सूळ काही निघेना. अखेर तो बाहेरून कापावा लागला आणि त्याचे टोक अंगात घेऊनच मांडव्य हिंडू लागले. पुढे त्यांनी साक्षात धर्माला जाऊन विचारले, की माझ्या कोणत्या पापाचे हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तुम्ही गवताच्या काडीने किडे टोचलेत, त्याचे हे फळ. तेव्हा ऋषी संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड, आणि तोही अजाण वयातल्या! त्यांनी मर्यादा घालून दिली, की येथून पुढे चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पातक कोणास लागणार नाही. आणि धर्माला शाप दिला, की तू दासीच्या पोटी माणूस होऊन जन्माला ये.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. वयाची मर्यादा येथे मुलांना अडवण्यासाठी आलेली नाही, त्यांना वाचवण्यासाठी आलेली आहे. अजाण जिवाकडून मोठ्यांच्या मापाने हिशेब मागू नये, ही तिच्यामागची करुणा. दुसरी गोष्ट अशी, की ही करुणा शक्य झाली, कारण त्या मुलाच्या हातात गवताची काडी होती. काडीने होणारे नुकसान काडीएवढे असते, आणि तेवढे समाजाला पोटात घालता येते.

आजच्या मुलाचा अजाणपणा मांडव्याच्या बालपणापेक्षा वाढलेला नाही आणि घटलेलाही नाही. बदलले आहे ते त्याच्या हातातले साधन. शंभराहून अधिक किलो वजनाचे, मुठीच्या एका वळणाने ताशी साठ-सत्तर किलोमीटर धावणारे यंत्र ही काडी नव्हे. मूल तेच, पण हाती काडीऐवजी सूळच आलेला. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली शेकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवर होती, असे सरकारी अहवालच सांगतो. म्हणून मला वाटते, की माफी आणि मनाई या जुळ्या बहिणी आहेत. ज्या वयापर्यंत मुलाला क्षमा करावी असे आपल्याला वाटते, त्या वयापर्यंत ज्याची क्षमा करता येणार नाही असे कृत्य घडवणारे साधन आपण त्याच्या हाती देता कामा नये. क्षमा हवी पण मनाई नको, असे म्हणणारा माणूस वास्तविक एवढेच म्हणत असतो, की माझ्या मुलाच्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजावी.

आता ही रेघ नेमकी कोठे ओढावी? मांडव्याने चौदा म्हटले. आपल्या संविधानाच्या चोविसाव्या अनुच्छेदानेही कारखान्यातल्या कामासाठी चौदा हाच आकडा धरला आहे. आणि योगायोग असा, की इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने मोटारसायकल चालवण्याचे किमान वय ठरवले, तेही चौदाच. १९३० साली इंग्रजांनी ते सोळावर नेले. पुढे १९७१ च्या अखेरीस सोळा वर्षांच्या मुलांकडून मोटारसायकल काढून घेतली आणि तिच्यासाठी सतरा वर्षांची अट घातली. सोळाव्या वर्षी चालवता येईल ती फक्त ५० सी.सी.ची आणि सायकलीसारखी पायडले असलेली गाडी, असा नवा नियम झाला.

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चढावर पायडल मारावे लागणारी एक गरीब फटफटी होती. पण कारखानदारांनी नियम बारकाईने वाचला. थोड्याच काळात यामाहासारख्या कंपन्यांनी अशा गाड्या बाजारात आणल्या, की त्यांचे इंजिन बरोबर ५० सी.सी.चे होते, त्यांना पायडलेही होती, आणि त्या ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पळत. पायडले एका बाजूस वळवून अडकवली, की ती पाय ठेवण्याच्या खुंट्या होत. कायद्याचे अक्षर असे तंतोतंत पाळले गेले, आणि मुले पूर्वीच्याच वेगाने धावू लागली. शेवटी १९७७ मध्ये सरकारला पायडलांचा नाद सोडून वेगालाच ताशी तीस मैलांची मर्यादा घालावी लागली.

आपल्याकडेही हेच थोड्या निराळ्या रीतीने घडले. १९७२ साली कायनेटिकची लुना आली. पायडल मारून सुरू होणारी ही लहानशी गाडी महाराष्ट्रातल्या कारकुनाची, शिक्षिकेची आणि कॉलेजकुमाराची पहिली गाडी झाली. कायद्यातला सोळा वर्षांचा अपवाद अशाच गाड्यांसाठी शोभणारा होता. पण लोकांची पसंती बदलली, स्कूटरी शंभर आणि सव्वाशे सी.सी.च्या झाल्या, आणि पन्नास सी.सी.ची पेट्रोलची गाडी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. अपवाद पुस्तकात राहिला, गाडी उरली नाही. आता तिच्या जागी विजेच्या गाड्या आल्या आहेत. २५० वॅटहून कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाची विजेची गाडी नियमांच्या व्याख्येत मोटार वाहनच ठरत नाही. तिला परवाना लागत नाही. ठीक आहे. पण तिच्या वेगाला घातलेले कुलूप काढून देणारे कारागीरही असतात, आणि पन्नास वर्षांपूर्वीची इंग्रजी पायडले येथे निराळ्या रूपाने पुन्हा अवतरतात.

यावरून कायदा निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा होईल. कायद्याला मन दिसत नाही. त्याला दिसतो जन्माचा दाखला, इंजिनाचा आकार आणि काट्यावरचा वेग. जे मोजता येते त्यावरच त्याला बोट ठेवता येते. हा त्याचा दोष म्हणण्यापेक्षा त्याची जात आहे. लाखो मुलांपैकी कोण शांत आणि कोण उतावळा, हे सरकारी कचेरीतल्या टेबलावरून कळणे शक्य नसते. मोजता न येणारे जे उरते ते पाहण्याचे काम, ज्याला ते मूल रोज दिसते त्याचे आहे.

येथे दोन आक्षेप पुढे येतात, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला स्वातंत्र्याचा. जीव त्याचा आहे, धोका तो पत्करतो आहे, मग मध्ये पडणारे तुम्ही कोण? आगरकरांच्या पिढीने ज्याच्यापासून स्वातंत्र्याचा विचार घेतला, त्या जॉन स्टुअर्ट मिलकडे पाहिले तर काय दिसते? १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात त्याने मोडक्या पुलाचे उदाहरण घेतले आहे. पुलाचा धोका सांगूनही जाणत्या माणसाला जायचेच असेल, तर त्याला जाऊ द्यावे, असे तो म्हणतो. पण तेथेच तो मुलांना या नियमातून वगळतो, आणि मूल कोणाला म्हणावे हे ठरवणे कायद्यावर सोडतो. स्वातंत्र्याच्या एवढ्या कट्टर पुरस्कर्त्यालाही ही रेघ पुसता आली नाही. शिवाय रस्ता हा एकट्याने ओलांडायचा पूल नव्हे. समोरून येणारी म्हातारी, सायकलवरचा दूधवाला, शाळेतून परतणारी पोर, यांनी आपल्या मुलाच्या साहसाला संमती दिलेली नसते.

दुसरा आक्षेप गरजेचा, आणि तो पहिल्याहून जड आहे. ज्या वाडीवर दिवसातून दोनदाच एस.टी. येते, तेथल्या मुलीचे कॉलेज आठ-दहा किलोमीटरवर असते. बाप शेतावर, थोरला भाऊ मुंबईस, आणि दूध डेअरीवर वेळेवर पोचवायचे असते. अशा घरात सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली जाते ती चैनीसाठी नव्हे. शहरातला सुखवस्तू बाप मुलाला नाही म्हणतो, तेव्हा मुलगा रिक्षाने जातो. वाडीवरचा बाप नाही म्हणतो, तेव्हा कदाचित मुलीचे शिक्षणच थांबते. एकच नियम दोघांना सारखा लागू असला, तरी त्याचे ओझे सारखे नसते. ही गोष्ट झाकून नियमाचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. परंतु गरज कितीही खरी असली, तरी ती वळणावरचा ट्रक मऊ करीत नाही. गरजेने फार तर दोष कोणाचा हे बदलते. धोका तेवढाच राहतो. ज्या समाजाला पोरांच्या हातून किल्ली काढून घ्यायची आहे, त्याने त्यांच्या दारापर्यंत एस.टी. पोचवली पाहिजे. मनाईची एवढी किंमत मोजायची तयारी नसेल, तर ती मनाई सगळी दुबळ्याच्याच खांद्यावर पडते.

इतके झाल्यावर खरी गाठ समोर येते. अनुभवावाचून शहाणपण येत नाही, आणि शहाणपणावाचून अनुभव घेऊ द्यावा तर जीव जातो. मग मुलाने शिकावे कसे?

आपल्या खेड्यांतून या गाठीचे उत्तर विहिरीवर सापडत असे. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर बांधायचा, आणि दोराचे टोक काठावरच्या काकाच्या किंवा मामाच्या हाती. पोर पाण्यात असते, हातपाय त्यालाच मारावे लागतात, नाकातोंडात पाणीही जाते; पण दोर काठावर असतो. काही दिवसांनी दोर सुटतो, मग डबा सुटतो, आणि एक दिवस ते पोर वरच्या पायरीवरून सूर मारते. कोणत्या दिवशी ते पोहायला शिकले, हे कोणालाच सांगता येत नाही. वयाची वेस अशी एका दिवसात ओलांडली जात नाही.

जगातल्या काही देशांनी परवान्याच्या नियमांत हा दोर आणण्याचा यत्न केला आहे. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली: आरंभी रात्री उशिरा गाडी चालवायची नाही, बरोबर कोणाला घ्यायचे नाही, काही काळ नीट गेला, की बंधने सैल. इंग्लंडने १९९० च्या अखेरीस शिकाऊ मोटारसायकलस्वारांना रस्त्यावर येण्यापूर्वी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. जानेवारी २०१३ पासून तेथे अशी शिडीच लावली आहे: सोळाव्या वर्षी मोपेड, सतराव्या वर्षी १२५ सी.सी.पर्यंतची लहान मोटारसायकल, एकोणिसाव्या वर्षी मध्यम शक्तीची, आणि हवी तेवढी मोठी गाडी एकविसाव्या वर्षी, तीही मधल्या पायरीवर दोन वर्षे काढलेली असतील तर. नाही तर चोविसाव्या वर्षी. आपल्याकडे सोळाव्या वर्षीचा अपवाद ही अशाच शिडीची पहिली पायरी होती. ती पायरी झिजून गेली आणि मधल्या पायऱ्या कोणी बसवल्याच नाहीत. त्यामुळे आपल्या मुलांना जमिनीवरून थेट माळ्यावर उडी घ्यावी लागते.

बरोबर कोणाला घ्यायचे नाही, या बंधनामागे चांगली जाण आहे. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याचा एक खेळ त्यांनी किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना खेळायला दिला. कधी एकट्याने, कधी मित्रांच्या देखत. मित्र पाहत असले, की किशोरवयीन मुले अधिक धोका पत्करीत. प्रौढांवर तसा परिणाम होत नसे. म्हणजे मुलाला धोका कळत नाही असे नाही. मागच्या सीटवर मित्र बसलेला असताना तो धोका त्याला लाजिरवाणा वाटू लागतो. भित्रा म्हटले जाण्याचे भय त्या वयात मरणाच्या भयापेक्षा मोठे असते.

दोर हातात धरणाऱ्याविषयी कायदाही आता कडक बोलू लागला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलाच्या गुन्ह्यासाठी बापाला शिक्षा हा अन्याय आहे, असे काहींना वाटते. पण ही शिक्षा मुलाच्या कृत्यासाठी नसून किल्ली देण्याच्या कृत्यासाठी आहे. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची संधी पालकाला कायद्याने ठेवलेलीच आहे.

पुण्यात कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे मोटारसायकलवरून जाणारे एक तरुण आणि एक तरुणी भरधाव मोटारीच्या धडकेने ठार झाली. मोटार चालवत असल्याचा आरोप एका सतरा वर्षांच्या मुलावर होता. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितला, आणि साऱ्या देशात संताप उसळला. तो संताप योग्यच होता. पण एक गोष्ट त्या गदारोळात हरवली. निबंधाचा विषय थट्टेचा नव्हता. तो चुकीच्या विद्यार्थ्याला दिला गेला होता. आपण आपल्या मुलाला काय देतो, केव्हा देतो आणि का देतो, हा निबंध घरोघरच्या मोठ्या माणसांनी लिहावयाचा आहे.

तो लिहू लागले, तर पहिल्याच परिच्छेदात एक अवघड गोष्ट कबूल करावी लागेल. मुलाचे शिकाऊ वय सोळाव्या वर्षी सुरू होत नाही. तीन वर्षांचे असताना टाकीवर बसून ते बापाबरोबर बालवाडीत जाते, तेव्हाच ते शिकू लागते. शिपाई नसला की लाल दिवा हिरवाच समजावा, शिरस्त्राण हँडलला अडकवण्यासाठी असते, उलट्या दिशेने थोडेच जायचे असेल तर चालते, हे धडे त्याने दहा-बारा वर्षे रोज गिरवलेले असतात. सोळाव्या वर्षी ते किल्ली मागते, तेव्हा त्याला आपल्यासारखे व्हायचे असते, आणि आपल्याला त्याचीच भीती वाटते.

मांडव्याच्या शापाचे पुढे काय झाले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याने मूल न पाहता नियमच पाहिला, तो धर्म विदुर होऊन हस्तिनापुरात जन्माला आला. आणि वाट्याला घर आले ते कोणते? ज्याला मुलाला नाही म्हणता येत नव्हते, त्या बापाचे. विदुराने आयुष्यभर सांगितले, धृतराष्ट्राने प्रत्येक वेळी मान डोलावली, तुझे म्हणणे खरे आहे असेही म्हटले, आणि शेवटी दुर्योधनाला हवे तेच केले. कायद्याची आपल्या घरातली जागा विदुराचीच आहे. तो सांगू शकतो. धाक घालू शकतो. फार तर मागाहून दंड करू शकतो. मुलाच्या डोळ्यांत पाहून 'अजून नाही' म्हणणे, का नाही ते समजावून सांगणे, आणि मग रविवारी सकाळी त्याला मोकळ्या माळावर नेऊन शेजारी उभे राहून तोल, ब्रेक आणि वळण शिकवणे, हे काम त्याला करता येत नाही. ते काम धृतराष्ट्राचे होते.